पडद्यावरचा सावळा गाल

आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरमंडळींत रविवारच्या सीएमईची ठरलेली रीत होती. सीएमई म्हणजे डॉक्टर झाल्यावरही शिकत राहावं म्हणून भरणारे वर्ग. त्यांचे पॉइंट जमवले नाहीत तर नोंदणीचं नूतनीकरण अडतं. वक्ता मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलचाच हवा, भाषा इंग्रजी, दिवे बंद. पहिल्या रांगेत ज्येष्ठ मंडळी बसणार, मागे आम्ही बायका आणि चाळी-वस्त्यांमधून दवाखाने चालवणारे. प्रश्न पहिली रांग विचारणार. मागची रांग जेवणात पनीर आहे की छोले, याचा वास घेणार. वर्षानुवर्षं मीही वासच घेतला, आणि घरी जाताना प्रत्येक वेळी चिडचिड केली.

मग दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच बैठकीत मी कळव्याच्या एका तरुण त्वचारोगतज्ज्ञ मुलीचं नाव सुचवलं. कळव्याच्या डोंगरावरच्या चाळीत वाढलेली, तिच्या बौद्ध घरातली पहिली डॉक्टर. दवाखानाही तिथेच थाटलेला. मंडळींनी चहाचे कप खाली ठेवले.

"मुलगी हुशार आहे हो, पण मराठीत बोलणार म्हणते," एक जण म्हणाला.

"मग? आपण काय फ्रेंच आहोत?" मी म्हटलं.

पिकतं तिथे विकत नाही, हे खरंच आहे. शेवटी आमचे सर मध्ये पडले. सर म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने फिजिशियन, राहायला ठाण्याला, पण निम्मी डोंबिवली त्यांच्या हातून बरी झालेली. "बोलू द्या तिला. तरुण माणसांना संधी दिली पाहिजे," असं ते आपल्या शुद्ध मराठीत म्हणाले आणि विषय मिटला. तिने फोनवर मला तीन अटी घातल्या: दिवे चालू ठेवायचे, फोटो सगळे आपल्या भागातल्या माणसांचे असतील, आणि प्रश्नांची सुरुवात शेवटच्या रांगेपासून करायची. मी म्हटलं, "मंजूर! चौथी अट असली तरी मंजूर."

आता माझ्या चेहऱ्याविषयी सांगायला हवं. मी मुळातच काळी. सावळी म्हणतात ते लोक चांगल्या मनाचे, एवढंच. आमचं घर कोपरीचं, आजोबा मिठागरावर राबलेले. लहानपणी घरातल्या फोटोत मला मागे उभं करायचे, आणि लग्न ठरायच्या वेळी मावशीने डाळीचं पीठ चोळून चोळून माझी सालं काढली होती. त्यामुळे दोन्ही गालांवर काळपट डाग आले तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही. "आपले घरान बायांना व्हतंच ता. मिठागराचा ऊन हाय," आई म्हणाली. सरांनी एका सीएमईत चहाच्या टेबलाशी चष्मा वर करून पाहिलं आणि ते म्हणाले, "वांग आहे गं. छत्री वापरत जा." वांग म्हणजे उन्हाने येणारे निरुपद्रवी डाग, म्हणून मी छत्री घेतली. सकाळी बोटं इतकी आखडायची की बीपी मोजायचा फुगा दाबवत नसे. ते वयावर ढकललं. केस गळत होते, तेही वयावर. दिवसभर दुसऱ्यांना तपासणाऱ्या बाईने स्वतःला मात्र तपासलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो रविवार आला. हॉल गच्च भरला होता, कारण पॉइंट सगळ्यांनाच हवे असतात. मुलीने पहिला फोटो लावला, परदेशी पुस्तकातला. गोऱ्या गुलाबी बाईचे दोन्ही गाल लालभडक, नाकावरून पसरलेलं फुलपाखरू. "ल्युपस!" अख्खा हॉल एका सुरात ओरडला. शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते तो हा आजार; परीक्षेसाठी सगळ्यांनी घोकलेला.

दुसरा फोटो आमच्याच बाजूच्या एका बाईचा होता. काळी, रोडावलेली, गालांवर तपकिरी-जांभळट छाया.

"वांग," पहिली रांग म्हणाली. सरांचा आवाज सगळ्यात खणखणीत होता.

मुलगी शांतपणे म्हणाली, "हासुद्धा ल्युपसच आहे."

ती पुढे सांगत गेली. आपल्या कातडीवर लाल हे लाल दिसत नाही, ते जांभळट दिसतं, तपकिरी दिसतं, कधी राखेसारखं. म्हणून नुसता रंग शोधू नका. पेशंटला खिडकीपाशी न्या, उजेड बाजूने पडू द्या, बोट फिरवून कडा लागते का बघा. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाते त्या घडीत बघा. हा आजार बहुतेकदा ती घडी सोडतो. सांधे विचारा, केस विचारा, तोंडातले फोड विचारा. "या मावशींना बरीच वर्षं वांगाची क्रीमं दिली गेली. माझ्याकडे आल्या तोवर किडन्या गेल्या होत्या. आता त्या डायलिसिसवर असतात. 'माझा फोटो दाखव, बाकीच्यांच्या वाचू देत,' असं त्यांनीच मला सांगितलं."

माझा हात कधी गालावर गेला मला कळलं नाही. बोटाला कडा लागली. नाकाशेजारच्या घडीत बोट गेलं, तिथे कातडी मऊ, साफ. भीती वाटलीच, पण तिच्या आधी मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. जिला आयुष्यभर पीठ चोळलं, पावडर थापली, मागच्या ओळीत उभं केलं, ती माझी कातडी इतके दिवस काहीतरी सांगत होती, आणि ते ऐकायला मला एकाही पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

पडद्यावर आमचीच माणसं येत राहिली. काळ्या पोराच्या पाठीवरचा गोवर, अंथरुणाला खिळलेल्या सावळ्या आजोबांच्या टाचेवर होऊ लागलेली जखम, प्राणवायू कमी पडल्यावर निळे न दिसता करडे दिसणारे ओठ. इतकी सुंदर तपशीलवार कातडी मी इतक्या मोठ्या पडद्यावर कधी पाहिली नव्हती. मग प्रश्न सुरू झाले, शेवटच्या रांगेपासून. ठाकुर्लीचा एक डॉक्टर, जो कधी तोंड उघडत नसे, उभा राहिला. "मॅडम, काळ्या बाळाची कावीळ मी नेमकी कुठे बघू? मी दरवेळी अंदाजच मारतो." त्याच्या मागोमाग हातच हात वर झाले. जेवण निवलं तरी कोणी उठेना. हे सगळे प्रश्न इतकी वर्षं कुठे बसून होते, असं मला वाटत राहिलं.

सगळे पांगल्यावर मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिची नजर माझ्या गालावर थांबली. "मॅडम, जरा खिडकीपाशी या," एवढंच ती म्हणाली.

लघवीच्या तपासणीत प्रोटीन निघालं. ल्युपसने किडनीला नुकता कुठे हात लावला होता. औषधं सुरू झाली, त्यातली एक गोळी आपण सगळे मलेरियाची म्हणून ओळखतो ती. पावसाळा संपेपर्यंत बोटं सैल झाली आणि फुगा पुन्हा दाबता येऊ लागला. आपण वाचलोय, हे मला तो फुगा दाबतानाच खरं वाटलं.

पण गालांवरची छाया पुरती गेली नव्हती. ती जायच्या आत पुढची सीएमई ठेवायची, असं मी ठरवलं. पडद्यावर बघणं वेगळं, बोटाने बघणं वेगळं. आई कळवळली, "अगो बाय, चारचौघांन तोंड कशाला दाखवतंस?" मी म्हटलं, "आये, आजवर लपवून काय मिळालं?"

त्या रविवारी पावडर न लावता मी हॉलच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. डॉक्टर एकेक करून आले, शेवटची रांग आधी. प्रत्येकाने "हात लावू का, मॅडम?" असं विचारलं. ओळखीची, अनोळखी बोटं माझ्या गालावरून हळू फिरत होती. उभ्या जन्मात माझ्या चेहऱ्याकडे इतक्या जणांनी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं, आणि हसूही.

सगळ्यात शेवटी सर आले. चष्मा वर करून वाकले. बोट कडेवर थांबलं, घडीत गेलं, पुन्हा कडेवर आलं.

"मी याला वांग म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो, सर."

ते तसेच हॉलच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांनी घरी बायकोला फोन लावला. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, तरी आम्हाला सगळं ऐकू आलं. "सूनबाईंना म्हणावं, मी वांगावर दिलेलं ते क्रीम आज लावू नका. आणि सकाळी त्यांची बोटं आखडतात का, ते विचारून ठेव. मी निघालोच."

जेवण नुकतं मांडलं होतं, आणि रीतीप्रमाणे पहिलं ताट सरांचं असे. त्या दिवशी ते तसंच राहिलं.