तबक दुसऱ्याला द्या

लालबागला आमच्या शेजारी राहणारी प्राची विद्यापीठात इंग्रजीत एम.ए. करते. विभागाच्या चर्चासत्रात निबंध वाचायला तिने नाव दिलं. मॅडम म्हणाल्या, "तू नऊवारी नेसून पाहुण्यांना ओवाळ. उच्चार सुधारले की पुढच्या वर्षी वाच."

मी गोदीत माल वाहिला, मेहनत ओळखतो. ही पोर महिनाभर गॅलरीत मोठ्याने वाचत होती. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून.

ती म्हणाली, "नऊवारी नेसते मॅडम, पण तबक दुसऱ्याला द्या. मी वाचणार."

"आणि उच्चार?"

"लालबागचेच राहतील. कळलं नाही तर विचारा."

नाइलाजाने मॅडमनी जेवणानंतरची वेळ दिली, वर थोडक्यात आटपायला सांगितलं. पेंगणाऱ्या सभागृहासमोर प्राची नऊवारीत उभी राहिली आणि एकही पान न गाळता तिने निबंध पुरा केला.