दोनदा पेरलेली काकडी

माझी वहिनी बोलते. चार माणसं बोलतात तशी नाही, ती बोलतच असते. टोमॅटो तोडताना टोमॅटोशी, मग पाण्याच्या पाइपशी, मग वजनकाट्याशी, आणि यांपैकी कुणीच दाद दिली नाही तर माझ्याशी. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा आईने दादाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ही झोपेत तरी गप्प असते का रे?" दादा म्हणाला, "मला काय ठाऊक? मी आधी झोपतो."

तर अशा या बाईने यंदा नवऱ्याशी अबोला धरला.

आधी शेताचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. दादा-वहिनीचं शहराबाहेर भाजीचं शेत आहे. शहरातली काही घरं हंगाम सुरू व्हायच्या आधीच सभासद होतात आणि मग दर शनिवारी शेतात जे निघालं असेल त्याचा वाटा क्रेटमध्ये घेऊन जातात. वाटा सगळ्यांना सारखा. दातांच्या डॉक्टरीणबाईंना जेवढं, तेवढंच बेकरीवाल्याला. "टोमॅटो पिकला तर टोमॅटो, कीड लागली तर कीड," असं दादा नव्या सभासदांना सांगतो. ते हसतात, त्यांना तो विनोद वाटतो. मी दादाची धाकटी बहीण. शाळेत चित्रकला शिकवते, आणि शनिवार असो की सुट्टी, इथे येऊन क्रेट भरते. कुणी बोलावलेलं नाही, पण येऊ नकोस असंही अजून कुणी म्हटलेलं नाही.

दादाचे गुडघे गेलेत. बसला की उठवत नाही आणि उठला की बसवत नाही. थंडी सरत आली होती तेव्हा एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "हा शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षी शेत बंद. उन्हाळ्यात तोडणीला सगळे सभासद येतात ना, तेव्हा सांगून टाकीन." जरा साखर दे, म्हणावं त्या सुरात. वहिनीने कप खाली ठेवला आणि त्या घटकेपासून त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

माझ्याशी बोलली. बियांची पाकिटं निवडत बसलो होतो. म्हणाली, "वन्सं, शेत बंद झालं तर मी सकाळी उठून जाऊ कुठे? तिकीटखिडकीत बसून अर्धं आयुष्य गेलं माझं. काचेच्या भोकातून बोलायचं, समोर नुसते हात. इथे आले तेव्हा कुठे माणसं दिसली, पायांसकट." आणि रडायला लागली. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही. मी पाकिटं निवडत राहिले.

आता अबोल्यात शेत कसं चालतं ते ऐका. दादा दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि वहिनी मला म्हणते, "त्यांना सांग, पाणी सोडलंय." दादा म्हणतो, "तिला सांग, ऐकलं." मी मधे उभी, टेलिफोनच्या खांबासारखी.

दरवर्षी कुणी काय आणि कुठे पेरायचं हे दोघं चहाच्या वेळी बोलून ठरवतात. यंदा बोलणंच नाही. दादाला वाटलं, ही चिडलीय, ही काही पेरायची नाही, आणि लोक तर काकडीची वाट बघणार. म्हणून त्याने खालच्या वावरात काकडी पेरली. वहिनीला वाटलं, यांचं मन उडालंय, हे कशाला हात लावतात. म्हणून तिने शेडच्या मागे काकडी पेरली. फरसबी कुणीच पेरली नाही. फरसबीला एकाने खड्डा करायचा आणि दुसऱ्याने बी टाकायचं, अशी त्यांची पहिल्यापासूनची पद्धत. अबोल्यात खड्डा करणार कोण?

रोपं वर आली तेव्हा मी दोन्हीकडे जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हटलं, "एका जागची उपटा." दादा म्हणाला, "तिला सांग, तिची उपटायची नाहीत हं." वहिनी म्हणाली, "त्यांच्या वेलाला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेव." अरे, हे भांडण आहे की काय आहे? एकमेकांची इतकी काळजी होती तर तोंडाने बोला ना शहाण्यांनो! पण माझं कोण ऐकतंय. दोन्हीकडचे वेल वाढले.

मग ऐन उन्हाळा आला आणि काकडी आली. काकडी मोठी लबाड. पानाखाली दडून बसते, आज दिसली नाही तर उद्या भोपळ्याएवढी होऊन भेटते. शिवाय वेलाला बारीक काटे, कोपरापर्यंत हात सोलवटतात. पहिल्या शनिवारी सभासद खूश. पुढच्या शनिवारी नुसतं "वा वा". त्याच्या पुढच्या शनिवारी बेकरीवाला क्रेट विसरून गेला, आणि हा माणूस साधी पिशवीसुद्धा कधी विसरत नाही. डॉक्टरीणबाईंनी आपल्या वाटच्या काकड्या पहाटे गुपचूप शेजारच्या पायरीवर नेऊन ठेवल्या. शेजारीणही सभासद निघाली.

"फरसबी कधी येणार?" लोक विचारायचे.

"येईल," दादा म्हणायचा.

"कुठून?" वहिनी माझ्या कानात.

तोडणीचा रविवार उजाडला. सभासद यायच्या आत थोडी तोडून घ्यावी म्हणून वहिनी आणि मी खालच्या वावरात गेलो. तिथे दादा आधीच आला होता. रिकामा क्रेट उलटा घालून त्यावर बसला होता. हाताच्या अंतरातल्या काकड्या तोडून झाल्या की दोन्ही हातांनी स्वतःची पँट धरायचा, पाय उचलून पुढे ठेवायचा, मग दुसरा पाय, मग ढुंगणाखालचा क्रेट ओढायचा. असा तो ओळ पुढे नेत होता. घरी तो इतका कण्हतो की आम्हाला ते अर्धं नाटकच वाटायचं. इथे तो कण्हत नव्हता. कुणी बघत नाही असं त्याला वाटत होतं ना.

मी हाक मारणार, तेवढ्यात वहिनीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मी ओरडणारच होते. ओळ संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग मला ओढत लांबच्या वाटेने परत आणलं. त्या सकाळी ती वजनकाट्याशीसुद्धा बोलली नाही. मला खरंच भीती वाटली.

तोडणी आटपली, सगळे शेडखाली जमले. दादा काट्याजवळ उभा राहिला. "मंडळी," म्हणाला, आणि थांबला.

"काकडीबद्दल असेल तर आम्हाला माहीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगळे हसले.

दादा हसला नाही. इतके महिने दगडासारखा ठाम राहिलेला माणूस, आता त्याचे ओठ हलेनात. त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने हातातला क्रेट खाली ठेवला.

"मी सांगते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी शेत बंद. माझी कंबर गेलीय. यांना चालू ठेवायचं होतं, पण माझ्याच्याने आता होत नाही. रागावू नका."

बेकरीवाल्याने टोपी काढून हातात घेतली.

वहिनीच्या कंबरेला काहीएक झालेलं नाही. त्याच सकाळी तिने दोन भरलेले क्रेट एकावर एक रचून उचलले होते, माझ्या डोळ्यांदेखत. मी तोंड उघडणार तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. लोक तिच्याभोवती गोळा झाले. कुणी तेल सांगितलं, कुणी पट्टा, कुणी उशी कुठे घ्यायची ते. ती सगळ्यांना "हो, हो, करते" म्हणत होती.

त्या गर्दीतून वाट काढत दादा आला आणि थेट तिच्याशी बोलला. मी शेजारी उभी असून, मला मधे न घेता.

"कंबर कधीपासून दुखतेय?"

माझा भाऊ भोळा आहे हे मला माहीत होतं. पण इतका?

"झाले बरेच दिवस," वहिनी म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"बोलत कुठे होते मी तुमच्याशी?"

"म्हणून कंबर लपवायची? अगं, मी इथे आपला माझ्याच गुडघ्यांचं..." सगळ्यांसमोर रडला वेडा. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि तिच्या पायाशी ठेवलेला क्रेट उचलायला वाकला. "तू हात लावू नकोस. मी नेतो गाडीपर्यंत."

वहिनीने कंबरेवर एक हात ठेवला, चांगला दाबून, आणि दुसऱ्या हाताने क्रेटची एक कड धरली.

"एका बाजूने मी धरते," ती म्हणाली. "पण हळू चला हं. मला तुमच्याइतकं भराभर चालवत नाही."