लिंबाच्या रसातला दगड

कॉलेज दुपारीच सोडून दिलं आणि भूगर्भशास्त्राच्या सरांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी ठेवली. म्हणाले, "तोंडी परीक्षा कधीही लागेल. घरी बसून नीट बघ, आणि सगळे परत आण." पिशवीत चार दगड होते, प्रत्येकावर रंगाने आकडा घातलेला. बाहेर संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटलेले, दगडफेक, गोळीबाराच्या बातम्या, आणि आमचे सर विद्यार्थ्याला दगड देऊन गिरगावात पाठवत होते. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

धोबीतलावापासून ठाकूरद्वारपर्यंत चालत आलो. कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस, आणि पावलागणिक पिशवीत दगड एकमेकांवर आपटत होते. कोणी अडवलंच तर काय सांगायचं, याची मनात उजळणी चालली होती. साहेब, हा वाळूचा खडक. हा चिखल दाबून झालेला, पापुद्र्यांचा. हा गोट्यांचा. आणि हा पिवळट, भोकाभोकांचा ट्रॅव्हर्टाइन, गरम पाण्याच्या झऱ्याकाठचा. झऱ्याचं पाणी जमिनीखालून विरघळलेला चुना घेऊन येतं, उघड्यावर आलं की त्यातला वायू उडून जातो आणि चुना थरावर थर बसत जातो. भोवतालच्या वाळूत, गोट्यांत झिरपून तोच चुना त्यांना सांधून टाकतो. एवढं ऐकून घ्यायला कुठला हवालदार थांबला असता?

वडील कारकून, कचेरीतून लवकर परतलेले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"दगड? आज?"

शेजारच्या चाळीत पोलीस शिरले होते. गच्चीवर दगडांचे साठे शोधत होते आणि तरण्या पोरांना खाली नेत होते. वडील म्हणाले, आधी फेकून दे ते. मी म्हटलं, "कुठे फेकू? खिडकीतून?"

आईने पिशवी हिसकावून घेतली. वाळूचा खडक मोरीत गेला, टाचा घासायला. पापुद्र्यांचा डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली. गोट्यांचा दाराला टेकू म्हणून. राहिला ट्रॅव्हर्टाइन. तो तिने खळखळून धुतला आणि लिंबाच्या रसात मुरत घातलेल्या मिरच्या-आवळ्यांच्या बरणीत दडपण म्हणून ठेवला. तिथला नेहमीचा गोटा तुळशीच्या कुंडीत टाकला.

"आई, तो नको," मी म्हणेपर्यंत जिन्यावर बूट वाजले.

हवालदार आत आला, माळ्यावर काठी फिरवली, गाद्या उलथल्या. मी भिंतीला चिकटून उभा. तेवढ्यात बरणी फसफसू लागली. चुन्यावर आंबट पडलं की दुसरं काय होणार? मला सगळं ठाऊक होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हवालदाराने झाकण उचललं.

"ह्यो धोंडो कसलो?"

"दडपणाचा," आई म्हणाली. "तुमच्याकडे नाही ठेवत?"

त्याने वाकून आत पाहिलं. "आमची आवस पण असोच ठेवी," तो आपल्या आईबद्दल म्हणाला. "पण वयनी, मीठ कमी पडला हां. बुडबुडे येतत."

आईने त्याच्यासमोर मूठभर मीठ टाकलं. फसफस थांबली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय शिकतोस. मी तोंड उघडायच्या आत वडीलच म्हणाले, "परीक्षा आहे त्याची." तो झाकण ठेवून बाहेर पडला.

पलीकडच्या खोलीत माझ्याच वयाचा मुलगा राहायचा, मॅट्रिकपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. त्याच्या घरात एक खडा सापडला नाही. तरी त्याला दंडाला धरून नेलं.

आईने बरणीतून दगड काढला. त्याच्यावरचा रंगवलेला आकडा गेला होता, कडा किंचित झिजल्या होत्या. "घे तुझा दगड," ती म्हणाली. मी सुटलो म्हणून मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला होता. बाहेर गॅलरीत त्याची आई एकेका दारापाशी थांबून विचारत होती, त्याला कुठे नेलं. ती आमच्या दारात आली तेव्हा दगड माझ्या हातातच होता.