वाचनालयाचे चार दगड

पंडित गुरुजींचा पत्ता विचारला तर नव्या काजळखेडात कुणीही सांगतं, बसस्टँडावरून सरळ जा, दवाखान्याच्या कोपऱ्यावर वळा, वाचनालयासमोरचं घर. पाहुणा निघतो आणि गोंधळतो, कारण यातलं काहीच कधी बांधलं गेलेलं नाही. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा सरकारने वालूरच्या पुढच्या माळावर नवं गाव आखलं. नकाशात सगळं दाखवलं, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवले आणि साहेब निघून गेले. लोकांनी नावं मात्र त्याच आठवड्यात वापरायला काढली.

यात चूक असलीच तर गुरुजींची होती. गावात नकाशा वाचता येणारे तेवढे एकच. माळावर उभं राहून ते बोट दाखवायचे, "हा दवाखाना. त्याच्यातून चालू नका, वळसा घाला." जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर सांगतोय म्हणून लोक वर्षभर मोकळ्या माळावर दवाखान्याला वळसा घालत होते.

पुढे कंटाळले. बसस्टँडात बजरंगने म्हशी बांधल्या. दवाखान्यात सटवाजीची कडब्याची गंजी आली. वाचनालय तेवढं रिकामं राहिलं, कारण ते गुरुजींच्या दारासमोर होतं. दरसाल चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी ते त्याच्या चारही दगडांना चुना लावत. निवृत्त झाल्यावर तर रोज सकाळी त्या जागेत खुर्ची टाकून पेपर वाचू लागले. जागेला सवय लागावी, हा हेतू. जागेला लागली की नाही माहीत नाही, गुडघ्यांना लागली.

बांधकामाचं शिकायला पुण्यात असलेल्या सुकेशनीने, त्यांच्या लेकीने, एकदा फोनवर शांघायची हकिकत सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी ठरवलं, गोऱ्यांच्या वस्तीला पाठ करून शेतांत आपलं स्वतःचं नवं शहर वसवायचं. रुंद रस्ते, महापालिकेची इमारत, संग्रहालय, वाचनालय. थोडं उभंही राहिलं. एवढ्यात जपानशी लढाई लागली आणि बेत बारगळला. रस्त्यांची पुष्कळशी नावं तेवढी टिकली.

"आन् वाचनालय?" गुरुजींनी विचारलं.

"एकोणीसशे छत्तीसात अर्धंच झालतं, पप्पा. बाजूचे भाग कागदावरच होते. दोन हजार अठरात पुरं केलं. जुन्या नकाशाप्रमाणं."

गुरुजींनी वजाबाकी केली. ऐंशीच्या वर वर्षं. काजळखेडाची बावीस झाली होती. त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

यंदा पाण्याची टाकी मंजूर झाली. गावाने पाण्यासाठी जेवढे अर्ज केले तेवढे कागद एकावर एक रचले असते तर टाकी तशीच झाली असती. पण मंजूर झाली, आणि तिला उंचावरची मोकळी, बिनभांडणाची जागा हवी होती. अशी जागा गावात एकच उरली होती. ती कुणी राखली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सरपंच आता बजरंगच. ग्रामसभेत तो नरमाईनेच बोलला. "गुरुजी, तुमच्या हाताखाली शिकलो. तुमी न्हाई म्हणलं तर मी पुढं जात न्हाई. पण बाया पाणी वाहून मरायल्यात."

"तुझ्या म्हशी उठव की. बसस्टँड मोकळं होतंय."

"ते खोलात हाय, गुरुजी. तिथून पाणी वर चढत न्हाई. सायब बघून गेलेत." सभा हसली. म्हशींचं नशीब इंजिनिअरने उघडलं होतं.

मग गुरुजी उठले आणि त्यांनी सभेला शांघाय सांगितलं. रस्ते, इमारती, लढाई, ऐंशी वर्षं, सगळं. नीट सांगितलं. वर्गात सांगायचे तसंच.

बजरंगने मान हलवली. "लय भारी. पण तिथं लढाई झाली, गुरुजी. आपल्याकडं कोणती झाली?"

लढाई झालीच नव्हती. साहेब बदलले होते, एवढंच.

बायांच्या बाजूने गुरुजींच्या घरच्या रुख्मिणीबाई उठल्या. घरात जे बोलायचं ते त्या सहसा घरातच बोलत. "यांनी बावीस वर्सं दगडं रंगवली. म्या बावीस वर्सं दारावरून हंडे नेले. कुणी कुणाला अडवलं न्हाई. आता माझ्यानं हंडा उचलत न्हाई."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरची चुंबळ त्यांनी रोज पेपराच्या वरून पाहिली होती. "घ्या जागा," ते म्हणाले आणि खाली बसले. राग वगैरे आला नाही. फार चालून आल्यावर बसावं तसं ते बसले.

आठवड्याने इंजिनिअर आखणीला आला. कोपरे कुणालाच सापडेनात, गवत माजलं होतं. शेवटी गुरुजींना बोलावलं. त्यांनी चारही दगड पायाने गवत सारून दाखवले. चुना अजून पांढरा होता.

"एवढी चोख जागा मी कुठल्याच गावात बघितली न्हाई," इंजिनिअर म्हणाला. गुरुजींनी मान डोलावली आणि खुर्ची उचलून घरात नेली.

दुपारी वाळूचा हायवा ट्रक गावात शिरला. ड्रायव्हरने बजरंगला फोन लावून विचारलं, माल कुठं पाडू. बजरंग गुरुजींच्या दारातच उभा होता, आणि फोनवर ओरडून बोलायची त्याची रीत होती.

"सरळ ये. दवाखान्यावरून वळ. वाचनालयात टाक."

गुरुजी घरात पेपर वाचत होते. वाचनालयात बावीस वर्षांत पहिल्यांदाच काही येत होतं. त्यांनी दार पुढे लोटलं, धूळ येईल म्हणून.