खंडेनवमीला उडालेल्या माश्या

एकाहत्तर साली लढाई अजून लागायची होती, पण जबलपूरला आमच्या फॅक्टरीत ती आधीच लागली होती. रजा बंद, बारा-बारा तासांची पाळी. पोट लेथ मशीनवर चालायचं आणि जीव क्वार्टरमागच्या मधपेटीत अडकलेला. पुढे पेट्या पुष्कळ झाल्या, पण तेव्हा एकच होती. तिच्यातल्या माश्या मझौलीकडच्या एका शेतातून केवढ्या खटपटीने आणलेल्या.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. आईने विळी पुजली, माझे पाने-पक्कड पुजले, सायकल पुजली आणि मी आंघोळीला गेल्यावर पेटीही पुजली. हळदकुंकू ठीक होतं हो. पण या माउलीने निखाऱ्यांवर ऊद घालून धुपाटणं सरळ पेटीच्या दारात ठेवलं. मी टॉवेलवरच बाहेर धावलो, तर सगळ्या माश्या आभाळात.

"तुला कोणी सांगितलं होतं हे?" मी ओरडलो.

"तुझं हत्यारच आहे नं ते? मग पुजू नाही काय?"

कपाळ! कपडे चढवले आणि माश्यांमागे धावलो.

माश्या जाऊन लटकल्या त्या कॉलनीत हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी नव्याने बसवलेल्या भोंग्याला. तिथला चौकीदार रॉकेलचा बोळा पेटवायच्या तयारीत. "शाम को टेस्टिंग है भैया, मैं क्या करूँ?" त्याचंही खोटं नव्हतं. हातापाया पडून अर्धा तास मागितला. शिडी लावली, उशीचा अभ्रा खालून धरला आणि घोस हलकेच आत झाडला. डसल्या, डसणारच. अभ्र्यात राणीमाशी दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पेटीत परत सोडल्या खऱ्या, पण एकदा बिथरलेल्या माश्या टिकतीलच असं नसतं. आईशी अक्षरही न बोलता मी रात्रपाळीवर गेलो. मशीनपुढे उभा होतो, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं.

सकाळी परतलो तो थेट मागे. माश्या पायांना पिवळा पराग लावून पेटीत शिरून राहिल्या होत्या. पराग आणतात म्हणजे पिल्लं वाढवणार, म्हणजे आता जात नाहीत. मी तिथेच ओट्यावर बसलो. इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले.

आई मागच्या दारात उभी होती.

"राहिल्या काय?"

"राहिल्या."

"चल मग. दोघांचं वाढते."

"दोघांचं? तू कालपासून जेवलीच नाही?"

"एवढ्या जणींचं घर उठवलं मी," ती म्हणाली. "घास उतरला असता काय?"