काळ्या पाण्यातले रोहू

लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्यांवरच्या नव्या पाट्यांचा रंग ताजा होता, तोवर पावसानं पाठ फिरवली. जवळच्या एका गावात ओढ्याला एकच पाणी उरलं, कारखान्यातून सुटणारं काळसर. जनावरं तेच पीत. कुणी तक्रार केली की कारखान्याचे साहेब म्हणत, "मासे जगतात ना त्यात?"

शहरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पंचशीलाबाईंना हे उत्तर झोंबलं. जगणारा मासा बरा असतोच असं नाही. विषाशी झुंजताना तो स्वतःच्याच अंगातली प्रथिनं जाळतो. ते दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं. कॉलेजचा नळ कोरडा, म्हणून घरमालकीण गौरम्मांच्या अंगणात दोन टाक्या मांडल्या. एकीत आडाचं स्वच्छ पाणी, दुसरीत ओढ्याचं. दोन्हींत सारखे रोहू, सारखंच खाणं.

काही आठवड्यांनी त्यांनी माशांचं यकृत घोटून काचेच्या नळ्यांत घेतलं आणि त्यात रसायन घातलं. प्रथिनं जास्त तेवढा निळा रंग गडद. स्वच्छ पाण्यातल्यांचा गर्द निळा आला, ओढ्यातल्यांचा जेमतेम. नांदेडचे त्यांचे मार्गदर्शक आप्पासाहेब सर मुद्दाम येऊन बघून गेले. "बाई, आता प्रबंध लिहायलाच बसा," म्हणाले.

दुसऱ्या सकाळी गौरम्मा आडाकडे निघाल्या, तशी त्यांची चाहूल घेऊन स्वच्छ टाकीतले उरलेले रोहू काठाशी गोळा झाले. दुसऱ्या टाकीत हालचाल नाही. पंचशीलाबाई लगबगीनं टाकीपाशी आल्या.

"अक्का, यांना काही घालता का?"

"रोज कणकेच्या गोळ्या. माशाला घातलं की पुण्य लागतंय."

"आणि त्या टाकीत?"

"वास घेऊन बघ की त्याचा! पुण्य करायला जाऊन वकून मरू का?"

म्हणजे निळ्या रंगातला काही वाटा कणकेचा होता. सरांना कळवलं तर ते म्हणाले, "फरक तर आहेच ना? कोण विचारतंय?" पण पंचशीलाबाईंनी सारं बाद केलं. नवे मासे मिळाले, पाण्याचं काय? आड तळाला गेला होता.

"माझ्यानं बिघडलं न्हवं?" गौरम्मा म्हणाल्या. "घे पाणी. धुणं ऱ्हाऊ दे आमचं."

"आणि गोळ्या?"

"देवाला सांगितलंय, जरा दम धर म्हणून."

या खेपेला फरक कमी आला, पण स्पष्ट आला. पंचशीलाबाई सामान घेऊन त्या गावी गेल्या आणि शाळेच्या ओट्यावर गावकऱ्यांसमोर आणि कारखान्याच्या साहेबांसमोर नळ्यांत रंग केला. रंग चढेपर्यंत माणसं हलली नाहीत.

साहेब हसले. "चांगल्या पाण्यातल्यांना जास्त चारलं असेल."

"पहिल्या खेपेला तसं झालं होतं," पंचशीलाबाई म्हणाल्या. "म्हणून ते मासे हिशेबात धरले नाहीत. हे दुसरे."

नळ्या हातोहात फिरल्या, म्हाताऱ्यांनी उजेडात धरून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी गुरं ओढ्यावर कुणी सोडली नाहीत, आणि पाण्याचा टँकर आला तेव्हा सगळ्यात आधी गुरांचा हौद भरला गेला.