आंबोलीच्या धबधब्यापाशी ठरलं ते

नवऱ्याचं वर्षश्राद्ध गावाला घातलं. गाव सावंतवाडीच्या जवळ. मुंबईला परत निघताना मुलगा म्हणाला, "आई, आंबोलीवरून जाऊया. धबधबा बघ. जरा बरं वाटेल तुला."

मला बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. वर्षभर तसंच चाललं होतं. जेवायचं, गोळी घ्यायची, आडवं व्हायचं. गाडी त्याने भाड्याने घेतलेली, तो सांगेल तिथून ती जाणार. मी बसले.

मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी, मधे मी आणि मुलगी, मागे सून आणि नात.

लालबागची आमची चाळ पाडायची ठरली आहे. गणपती झाले की खोल्या खाली करायच्या. नवी इमारत उभी राहील तेव्हा राहील. तोवर मी कुठे राहायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विषय काढला नव्हता. मुलगा अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहतो. मुलगी दादरला, तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. माझी शेजारीण माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एकटी. तिने परळला भाड्याची खोली बघून ठेवली होती. मला म्हणाली, "चल माझ्यासंगती. एक मेली तर दुसरी फोन तरी करेल."

मी तिला हो म्हटलं नव्हतं. आधी मुलं काय म्हणतात ते बघायचं होतं. पोटच्या पोरांनी एकदा "ये" म्हणावं, एवढंच. म्हटलं असतं तर गेले असते की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

आंबोलीला श्रावणातल्या रविवारची गर्दी. रस्त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या, भज्यांचा वास, कणसं, माकडं. एका माकडाने नातीच्या हातातलं कणीस नेलं आणि समोरच्या गाडीच्या टपावर बसून सोलून खाल्लं. नात ओरडली, "आजी, माझं कणीस!"

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

धबधबा पांढरा, मोठा. वरून पडतो, पायऱ्यांवरून वाहतो. लोक त्यात उभे राहून फोटो काढत होते. बघितला. पाणी पडतंय, आणखी काय बघायचं? सुनेने मला भजीच्या टपरीपाशी खुर्चीवर बसवलं आणि ती नातीला घेऊन भिजायला गेली. मुलगा आणि मुलगी समोर कठड्याला टेकून उभे राहिले.

तिथला आवाज मात्र माझ्या ओळखीचा निघाला. असा आवाज मी गिरणी सुटल्यापासून ऐकला नव्हता. माझा नवरा साचेखात्यात मागावर, मी शेजारच्या वाइंडिंगला, सूत गुंडाळायला. साचे सुरू झाले की कानाशी बोललेलंही ऐकू यायचं नाही. सगळे ओठांनी बोलायचे. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरची बघून समजायची. भांडणंसुद्धा तशीच. चहाडी करायची असली की बाई तोंडावर पदर घ्यायची. पदर गेला की समजायचं, आता आपल्याबद्दल चाललंय.

कान त्यातच गेले, जवळून मोठ्याने बोललेलं तेवढं ऐकू येतं. घरात सगळ्यांना माहीत आहे, आई बहिरी. म्हणून माझ्यासमोर खुशाल बोलतात. आणि आंबोलीला तर त्या आवाजात धडधाकट माणसालाही काही ऐकू आलं नसतं. दोघं एकमेकांकडे तोंड करून ओरडून बोलत होती. जो ओरडतो त्याचे ओठ जास्त चांगले दिसतात.

मुलगा म्हणाला, "सहा महिने तू ठेव, सहा महिने मी."

मुलगी म्हणाली, "माझ्याकडे एक म्हातारी आहे. दुसरी कुठे मांडू? माळ्यावर?"

"मग गावाला ठेवू. बघायला बाई लावू."

"त्या घरात? एकटी?"

"बाबा गेल्यापासून ती एकटीच आहे. कुठे ठेवली तरी तिला काही कळतंय का?"

"बाबा" आणि "मामा" ओठांवर सारखेच दिसतात. पण माझ्या मुलांना मामा नाही.

"तिला विचार तरी," मुलगी म्हणाली, आणि बोलताबोलता तिने माझ्याकडे बघितलं. बघितलं आणि हात तोंडावर घेतला.

आमची दहा बाय बाराची खोली. दिवा मालवला की पोरं झोपली असं धरून आम्ही नवराबायको व्हरांड्यातल्या उजेडात ओठांनी बोलायचो. मुलगा पडला की घोरायचा. मुलगी जागी असायची. एकदा तिच्या आत्याबद्दल मी काहीतरी वाईट बोलले तर चादरीच्या फटीतून बघत होती, खुदकन हसली. तेव्हापासून तिला ही बोली येते. भावाला तिने हे कधी सांगितलं नाही. तो अजून समजतो, आई बहिरी, तिला काही कळत नाही.

दोघं परत आली. मुलगा मोठ्याने म्हणाला, "काय आई, आवडलं ना?"

"पाणी आहे पुष्कळ," मी म्हटलं.

गाडी घाट चढायला लागली. धुक्याने बाहेरचं काही दिसेना. मुलगा ड्रायव्हरशी पेट्रोलच्या भावावर बोलत होता, मागे नात फोटो बघत होती. मुलीने माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं. मी वळले. तिने आवाज न काढता विचारलं, "कळलं?"

"कळलं."

"मी नाही म्हटलं नव्हतं."

"माळ्यावर म्हणालीस."

"चिडून बोलले ग."

वर्षभरात ही बोली मी पहिल्यांदाच बोलत होते. जबडा दुखायला लागला. नवरा होता तेव्हा रोज बोलायचो, कधी दुखला नव्हता.

तिचे ओठ पुन्हा हलायला लागले. मी हात वर केला. तिला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, "गणपती झाले की मी परळला जाते. शेजारणीबरोबर."

मग मुलगा मान वळवून म्हणाला, "अगं आई, असं कसं? आम्ही तुझाच विचार करत होतो."

"केलात ना? झाला."

"लोक काय म्हणतील?"

"मला ऐकू येत नाही."

नात हसली. सून "गप" म्हणाली. मुलगा पुढे बघायला लागला. त्याच्या मानेवरून कळत होतं की त्याला सुटल्यासारखं वाटतंय. त्याने ड्रायव्हरकडे वळून विचारलं, वाटेत जेवायला चांगलं कुठे मिळेल.

मुलीचं बोट पुन्हा गुडघ्यावर आलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. ही बोली अशी आहे की समोरच्याने बघितलं तरच ती बोलता येते. गिरणीत एखादीचं ऐकायचं नसलं की आम्ही मान खाली घालून धाग्याकडे बघायचो.

मी खिडकीकडे तोंड केलं. काचेबाहेर नुसतं पांढरं होतं. बोट बराच वेळ तिथेच राहिलं, मग तिने काढून घेतलं.